तीनशे वीसचा सूर

सकपाळ मामा आमच्या महाडच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांच्या वक्तशीरपणावर भाषणं केली. मामा वक्तशीर होतेच. पण ज्या गोष्टीसाठी मला ते जन्मभर आठवतील तिच्याबद्दल त्या दिवशी कुणी बोललं नाही, कारण ती पाहायला कॉलेजातून एकटी मीच गेले होते. म्हणून लिहायला बसले आहे.

अकरावीला मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेले तेव्हा आमच्या घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील बिरवाडीला एका कारखान्यात हेल्पर होते. काचेच्या कपाटातली ती चकचकीत उपकरणं बघून मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मामांनी ते पाहिलं. कपाटातून स्क्रूगेज, म्हणजे तारेची जाडी मोजायचं उपकरण, काढलं आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"धर गो. तू मोडायला आलीस तरी मोडणार नाय. लोखंड हाय."

मामा स्वतः नववीपर्यंत शिकलेले. पण सोनोमीटर नावाच्या उपकरणावर त्यांचा फार जीव. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली एक तार, टोकाला वजनं टांगलेली. तारेवर कागदाचं इवलं चिठोरं घडी घालून बसवायचं. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवून पेटीवर टेकवायचा. तारेचा आणि फोर्कचा सूर एक झाला की तार आपोआप थरथरते आणि चिठोरं उडून पडतं. मुलं विचारायची, "मामा, बरोबर आलं का?" मामा म्हणायचे, "मला काय विचारतोस? तारेला विचार."

एकदा आमच्यातल्या चौघांनी वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आकडे उतरवले. मामांनी वह्या गोळा करताना सहज नजर टाकली आणि म्हणाले, "ही गेल्या सालची रीडिंगं हायत. गेल्या साली तार दुसरी व्हती." आम्हाला तेव्हा कळलं, की दर जूनमध्ये मामा मुद्दाम थोड्या वेगळ्या जाडीची तार चढवतात. सरांनासुद्धा हे माहीत नव्हतं.

पुढे एमएस्सी करून मी त्याच कॉलेजात शिकवायला आले. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत शिरले आणि मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, बसा ना. माझ्यासाठी काय उठता?"

"तुझ्यासाठी नाय उठलो. शिकवणाऱ्यासाठी उठलो. आता बसतो."

त्या दिवसापासून चारचौघांत मी 'मॅडम' आणि मागच्या स्टोअरमध्ये 'गो पोरी'. हा नियम त्यांनी एकदाही चुकवला नाही.

मामांचं गाव कुडपण, पोलादपुरातून घाट चढून वर. नोकरीमुळे ते आणि मामी बिरवाडीला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. मामींचं नाव पार्वती. गावच्या वाडीत त्यांना सगळ्या पारू म्हणत. गौरी आल्या की अंगणात बायकांचा फेर धरला जातो. एकजण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात. वीस-बावीस वर्षं ती ओळ सांगणारी बाई म्हणजे पारू. मामा हे सांगताना नेहमी एकच वाक्य वापरायचे: "तिनं ओळ टाकली का खालच्या वाडीतली माणसं हातातलं काम ठेवायची."

मग मामींच्या गळ्याला गाठ आली. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. गाठ निघाली, जिवावरचं टळलं. आवाज मात्र परत आला तो खाली उतरून, जाड होऊन. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं होऊ शकतं. पहिल्या वर्षी गौरीला मामी फेरात उभ्या राहिल्या, आपल्या नव्या आवाजात खालून ओळ सांगितली. बायकांनी ती उचलली, पण जुन्याच जागी, वर. ओळखीच्या वाटेला लागलेले बैल जसे धनी नसला तरी घरी जातात, तशा त्या सगळ्या सवयीनं मामींच्या जुन्या सुरावर जाऊन पोचल्या. मामी दुसऱ्या ओळीला तिथे पोचू गेल्या आणि आवाज फाटला. त्यांची थोरली जाऊ वेणूबाय तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पारूच्या रेडिओचे सेल उतरले गो!" सगळ्या हसल्या. मामीही हसल्या. पुढची दोन वर्षं त्या गौरीच्या दिवशी चुलीपाशी बसून राहिल्या आणि ओळ वेणूबाय सांगू लागली.

हे मामांनी मला स्टोअरमध्ये फोर्क पुसता पुसता सांगितलं. शेवटी म्हणाले, "घरात नव्या सुना आल्यात. त्यांनी पारूला कधी ऐकलीच नाय. त्यांना वाटतं, ही काकी मुकीच हाय. यंदा तिनं ओळ सांगितली पायजे. नायतर ती कायमची बसंल."

कशी सांगणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सगळं कॉलेज ज्यांना मामा म्हणत होतं त्यांना खराखुरा भाचा एकच, प्रकाश. तो मुंबईला नोकरी करतो, आरतीला पेटी वाजवतो आणि दर सहा महिन्यांनी नवीन छंद धरतो. त्या मे महिन्यात तो बिरवाडीला आला आणि जाताना एक वाद्य मागे ठेवून गेला. गिटारीचं धाकटं भावंड दिसावं असं, चार तारांचं. त्यातल्या दोन तुटलेल्या. "बॅरिटोन युकुलेले," प्रकाश म्हणाला. "युकुलेलेत हा सगळ्यांत मोठा. मला वाटलं होतं छान किणकिण वाजंल, पण ह्याचा आवाज लय जाड. राहू दे तुमच्याकडे."

मामींनी केर काढता काढता ते उचललं आणि उरलेल्या दोन तारांवरून अंगठा फिरवला.

"ह्याचा आवाज माझ्यासारखा हाय," त्या म्हणाल्या आणि ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मामा प्रयोगशाळेत आले ते ते वाद्य गोणपाटात गुंडाळून घेऊनच. त्यांचा विचार साधा होता. बायका वर जातात, कारण खाली धरून ठेवणारं काही नाही. मामींचाच सूर कुणीतरी सतत वाजवत राहिलं, तर कानाला लगाम बसेल. तंबोरा वाजवतात तसा. त्यासाठी या चार तारा गिटारीसारख्या चार वेगळ्या सुरांत ठेवून चालणार नव्हतं. मामींच्या सा मध्ये दोन तारा, एक प, एक वरचा सा. कुठेही बोट न दाबता नुसता हात फिरवला तरी सूर एकच राहील.

"पण आवाज मोठा पायजे," मामा म्हणाले. "अंगणात अकरा बायका पाय आपटतात."

इथे त्यांनी चूक केली, आणि ती सोनोमीटरवर आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो. त्यांनी सोनोमीटरची पोलादी तार त्या वाद्यावर चढवली. दोन चढवल्या. आवाज खरंच खणखणीत निघाला. मामा खूश होऊन मला बोलवायला आले, आम्ही दोघं स्टोअरच्या दारात पोचतो तोच आतून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. तारा जिथे बांधतात ती लाकडी घोडी उखडून कपाटावर आदळली होती. ते वाद्य नायलॉनच्या तारांसाठी केलेलं. पोलादाचा ताण त्याला पेलणार कसा?

मामांनी घोडी उचलून उलटीपालटी करून बघितली.

"बत्तीस वर्षं पोरांना सांगतोय, ताण वाढला का सूर वाढतो. लाकडाला कुणी विचारलंच नाय."

मी म्हटलं, "मामा, मीसुद्धा हेच शिकवते. मलाही सुचलं नाही."

"मग दोघं पण नापास," मामा म्हणाले आणि सुताराकडे गेले.

सरस लावून घोडी बसवली आणि प्रयोगशाळेच्या क्लॅम्पमध्ये ते वाद्य दोन दिवस आवळून ठेवलं. आमचे विभागप्रमुख येऊन बघून गेले. "सकपाळ, हा कुठला प्रयोग?" "अभ्यासक्रमाच्या भायेरचा, सर." सर हसून निघून गेले. मामांना बोलून उपयोग नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

पातळ तारांसाठी मामांनी तंगूस ठरवला, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. महाडच्या बाजारात जाळी आणि गळ विकणारं दुकान आहे. मामा खिशात स्क्रूगेज घालून तिथे गेले; मला सोबत नेलं. एकेका रिळाची दोरी ओढून जाडी मोजू लागले. दुकानदार वैतागला.

"काका, मासा किती किलोचा धरायचाय ते सांगा, मी देतो."

"मासा नाय रे. बायको."

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी दुकानाबाहेर जाऊन हसले.

चार जाडीचे तंगूस घेतले. प्रत्येकाला सोनोमीटरवर ताणून, वजनं वाढवत, मामांनी वहीत आकडे लिहिले. फार बारीक तंगूस प वर पोचायचा पण मिळमिळीत वाजायचा. फार जाड घेतला तर तिथवर चढवताना घोडीला पुन्हा धोका. खालच्या दोन सा साठी मामांनी प्रकाशकडून नायलॉन गिटारीची चौथी तार मागवली, बारीक धातू गुंडाळलेली असते ती, आणि दोन्ही जागी तीच घातली. मूळची तिसरी तार तेवढी खाली उतरवली की ढिली पडून भडभडायची. ही जाड असल्यामुळे त्याच सुरावर ताठ उभी राहिली. मामांच्या वहीतलं ते पान आजही मी बारावीच्या मुलांना दाखवते. लांबी, ताण, जाडी: पुस्तकातलं सगळं सूत्र त्या पानावर आहे, फक्त सूत्र लिहिलेलं नाही.

आता मामींचा सा नेमका कुठे, हे शोधायचं होतं. एका रविवारी मी बिरवाडीला गेले. मामांनी वाद्य पाटावर आडवं ठेवलं होतं आणि जाड तारेवर कागदाचं चिठोरं बसवलं होतं.

"पारू, हितं बस आणि आ कर."

"डॉक्टरसमोर आ केलं तेवढं बास झालं."

"अगं, सूर लाव."

"कुठला?"

"तुझा!"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली, कारण त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हलकासा सूर लावला. चिठोरं हललं नाही. मामांनी खुंटी थोडी पिळली. पुन्हा सूर. पुन्हा काही नाही. "फुंकर मारू नकोस," मामा म्हणाले. "मी कशाला फुंकर मारू?" मामी म्हणाल्या. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी मामींना राग आला. "तुमच्या कागदासाठी काय मी बेडकासारखी आ आ करत बसू? त्यापेक्षा गाणं म्हणते," असं म्हणून त्यांनी रागारागानंच ओळ टाकली:

"गवर उतरली गो डोंगराच्या वाटंनी, पाय तिचे भिजले भाताच्या पाटानी..."

खुंटी नुकतीच फिरली होती. 'वाटंनी'वर मामी थांबल्या आणि चिठोऱ्यानं टुणकन उडी मारली. 'पाटानी'वर ते पाटावरून जमिनीवर गेलं.

मामांनी खिशातून एकेक फोर्क काढून गुडघ्यावर ठोकला आणि वरच्या सा शी ताडून पाहिला. तिसरा फोर्क वाजला आणि दोन सुरांचा एक झाला. मामांनी तो माझ्या हातात दिला. दांडीवर आकडा कोरलेला होता: ३२०.

"तीनशे वीस," मामा म्हणाले. मामी पदरानं तोंड पुसत होत्या. "म्हंजे पास का नापास?" त्यांनी विचारलं.

गौरीच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं पोलादपूर आणि तिथून जीपनं कुडपणला गेले. आमच्या घरी गौरी बसत नाहीत, त्यामुळे फेर मी पहिल्यांदाच पाहणार होते. मी पोचले तेव्हा ओटीवर भांडण चाललं होतं. प्रकाश पेटी घेऊन बसला होता आणि हातात मोबाईल.

"मामा, तुमच्या सगळ्या तारा चुकल्यात. हे बघा, ॲप सांगतंय. काटा मध्येच लटकतोय. माझ्या पेटीत हा सूरच नाय! थोडं वर घ्या, पांढरी तीन होईल. नायतर खाली घ्या, काळी दोन."

"तुझ्या ॲपनं पारूला ऐकलंय का?"

"अहो, पण सूर म्हणजे सूर असतो."

"मॅडम, सांगा त्याला. फोर्क खोटा का पेटी खोटी?"

"पेटीच बिघडली असेल," मी सगळ्यांसमोर म्हणून गेले. पुढे घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं की दोन्ही खरे होते. प्रयोगशाळेचे फोर्क शास्त्राच्या जुन्या मोजणीनं केलेले असतात, पेट्या वेगळ्या मोजणीनं. आणि ३२० हा आकडा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या जवळजवळ बरोब्बर मधोमध पडतो. त्या सकाळी प्रकाशनं हट्टानं तारा वर चढवायला लावल्या, पेटीला जुळवल्या. मामींनी हळूच ओळ म्हणून पाहिली. वरची जागा आली आणि आवाजाला चरा गेला. खाली उतरवून पाहिलं, तर ओळीच्या शेवटाला नुसता वारा निघाला.

मामांनी खिशातून फोर्क काढला, ठोकला आणि चारही खुंट्या पुन्हा आपल्या जागी आणल्या. "पेटी झाक," ते प्रकाशला म्हणाले. "आरतीला काढ."

दुपारी जेवणं आटोपल्यावर अंगणात बायका जमल्या. मामा दाराच्या खांबाला टेकून खाली बसले, वाद्य मांडीवर. सगळ्यांना ते दृश्य भलतंच गमतीचं वाटलं. "भावोजी, फेरात येता काय? लुगडं देऊ?" वेणूबाय ओरडली. मामांनी मान वर केली नाही. अंगठा चारही तारांवरून फिरवायला सुरुवात केली, संथ, एकसारखा. जाड, भरलेला आवाज अंगणभर पसरला. मोठा नव्हता, पण तो थांबतच नव्हता.

मामी चुलीपाशीच होत्या. मी आत गेले. त्या उठेनात.

"माझ्यानं पुन्हा हसं करून घेववत नाय गो," त्या म्हणाल्या.

बाहेरून तो सूर येत होता. मामी ऐकत बसल्या. मग विस्तव मागे ओढला, हात धुतले आणि बाहेर जाऊन फेरात दोन नव्या सुनांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

त्यांनी ओळ टाकली. खालून, जाड आवाजात, अगदी तारांच्या अंगावर. सुना दचकून बघायला लागल्या. बायकांनी ओळ उचलली आणि सवयीप्रमाणे वर निघाल्या. पण वर गेल्या की कानाला ते खालचं सा-प बोचायचं. दोघीतिघी घसरून खाली आल्या. वेणूबाय मात्र हटली नाही. ती आपल्या उंच आवाजात वरच चालली, आणि निम्म्या बायका तिच्या मागे. क्षणभर अंगणात दोन गाणी झाली. मामींचा पाय चुकला. मामांच्या अंगठ्याचा वेग तेवढाच राहिला.

दुसरी ओळ मामींनी अधिक ठासून टाकली. या वेळी दोन्ही सुना त्यांच्या सुरात आल्या. त्यांना जुनी वाट ठाऊकच नव्हती. तिसऱ्या ओळीला वरच्या बाजूला चौघी उरल्या. मग दोघी. मग एकटी वेणूबाय. तिनं एकदा मामांच्या मांडीवरच्या त्या लाकडाकडे रागानं बघितलं, एकदा पारूकडे, आणि श्वास घ्यायला थांबली. पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ती खाली आलेली होती. अकरा बायका एका जागी आल्या आणि तो आवाज असा भरून वर आला की शेजारच्या ओटीवर पत्ते खेळणारे पुरुष उठून अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

पाचव्या कडव्याला मामींनी फिरता फिरता मामांकडे बघून हाताचा पंजा खाली दाबला. थांबा. मामांना आधी कळलं नाही. मामींनी डोळे मोठे केले. मामांनी तळवा तारांवर ठेवला.

सूर जागचा हलला नाही. तारा गप्प होत्या आणि अकराजणी तिथेच गात होत्या, पारूच्या जागेवर. कडवं संपलं, पुढच्या कडव्याला वेणूबायला शब्द आठवेनात. ती फेरातूनच ओरडली, "पारू, पुढचं सांग गो!"

मामींनी पुढचं सांगितलं.

मी वळून पाहिलं तर खांबापाशी मामा नव्हते. वाद्य भिंतीला टेकवून ठेवलेलं. मला वाटलं, कुठे तरी बाजूला जाऊन डोळे पुसत असतील. मी आत गेले. मामा चुलीपाशी पाटावर बसून गुळाचं घावन खात होते, मन लावून, एकामागून एक. अंगठ्याला फोड आला होता म्हणून चार बोटांनीच तोडत होते. मला बघून त्यांनी ताटली पुढे सरकवली.

"खा गो पोरी," ते म्हणाले. "त्यांचं आता काय लवकर संपत नाय."